माणक्या, धुरा मोडला नाही

माणक्या, अख्खं जवळा बाजार गाव तुझ्यासाठी हळहळतंय आणि मी तुझ्यावर चिडून बसलोय. मेलास तर मेलास, पण असं अर्ध्यावर? मशीन उघडं, स्क्रू वाटीत, पेनड्राइव्ह खुपसलेला, आपलं भांडण मधेच तुटलेलं, आणि तू "उद्या बघू" म्हणून शटर ओढून घरी गेलास. सकाळी वावरात मोटार चालू करायला वाकलास तो उठलाच नाहीस. उद्या बघू म्हणणाऱ्यानं निदान उद्या तोंड तरी दाखवायचं असतं, लेका.

लोक मला येऊन सांगतात, गजू, तुझा जिगरी गेला रं. मी मान हलवतो. त्यांना काय सांगू? मित्र गेला असता तर रडून मोकळा झालो असतो. माझे डोळे गेलेत. पहिल्यांदा गेले तेव्हा मी पाळण्यात होतो, काय गेलं ते कळलंसुद्धा नाही. ह्या वेळी चांगलं कळलं.

तुझ्याआधीचा गजू कोणाला आठवत नसेल, मला आठवतो. अंधशाळेत कॉम्प्युटर शिकून आलो, सर्टिफिकेट आईनं ट्रंकेत ठेवलं आणि मला ओट्यावर. सकाळी ओट्यावर, जेवायला आत, पुन्हा ओट्यावर. येणारा जाणारा विचारायचा, "काय गजू, बसलास का?" मी म्हणायचो, "व्हय, बसलो." दुसरं काय सांगणार! मग एक दिवस तू आलास, मोबाईल रिचार्जच्या टपरीवाला माणिक, आणि म्हणालास, "गजू, तू कम्प्युटर शिकून आला ना रं? मी एक जुना डब्बा घेतलाय. चालू व्हतो, पर मधेच निळा व्हऊन राहिला. चल जरा." निळा म्हणजे काय हे मला जन्मात कळणार नाही. पण माझ्याकडं कोणी काम घेऊन आलं होतं. मी चप्पल न घालताच उठलो होतो, आठवतं का?

तिथून आपलं दुकान झालं. तू पडद्यासमोर, मी बाजूच्या स्टुलावर, हात डब्ब्यावर ठेवून. पंखा कसा फिरतोय, डिस्क कशी कुरकुरतेय हे मी हातानं ऐकायचो. तू सांगायचास काय आलंय, मी सांगायचो काय दाबायचं. तुला दिसायचं पण इंग्रजी वाचायचा कंटाळा. मला वाचायची हौस आणि दिसत नव्हतं. दोघांचा मिळून एक मेकॅनिक. गिऱ्हाईक यायचं, "विंडो मारून द्या" म्हणायचं, म्हणजे विंडोज नव्यानं टाकून द्या, आणि आपण मारायचो.

आणि तुझी ती भाषा! डिस्क म्हणजे वावर. वावराचे तुकडे, दोन तुकड्यांच्या मधला बांध म्हणजे धुरा. फॉरमॅट मारायचं म्हणजे नांगरट. मशीननं काम नाकारलं, काही इंग्रजी बडबड पडद्यावर आली, की बोंब आली. मी सुरुवातीला वैतागायचो, "माणक्या, पार्टिशन म्हण, पार्टिशन." तू म्हणायचास, "धुरा म्हणलं की मला बराबर समजतं, तुलाबी समजतं, मग तकलीफ काय हाय?" काहीच तकलीफ नव्हती. शाळेत ज्या गोष्टी मी घोकून पाठ केल्या होत्या त्या तुझ्या तोंडून ऐकल्यावर मला पहिल्यांदा हाताला लागल्यासारख्या वाटल्या. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू महिनाभर शेखी मिरवली असतीस.

आता तो शेवटचा दिवस. माझंच मशीन, माझं बोलणारं मशीन, मेल्यासारखं चालत होतं. अक्षर दाबलं की चहा पिऊन यावं तेव्हा ते बोलायचं. तू म्हणालास, "ह्याच्यावर बी विंडो मारून टाकू." जुना पेनड्राइव्ह कोणाच्या तरी खिशात गेला होता, म्हणून हिंगोलीहून नवा भरून आणलेला. लावला, चालू केलं, आणि वावर दाखवायच्या पानावर बोंब.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"पिवळा त्रिकोण हाय. कॅनॉट बी इन्स्टॉल्ड टू धिस डिस्क. फुडं लई लिहिलंय."

"पुढचं वाच की."

"डोकं जड झालंय रं माझं. तू सांग काय करायचं."

मी सांगितलं, सगळे धुरे मोड, वावर एक कर, मग मार. असल्या बोंबेवर सगळी दुनिया हेच करते. पण दुसऱ्या तुकड्यात तुझा तो खजिना. गिऱ्हाइकाच्या मशीनवर विंडो मारताना त्याचं सामान तू आधी माझ्या मशीनवर आणून ठेवायचास आणि काम झाल्यावरही पुसायचा नाहीस. साखरा गावातल्या कोणाचं लग्न, कोणाचं बारसं, कोणाच्या बैलांचे फोटो, पोरांचे दाखले. मी म्हणालो, "कोणी मागायला आलं का आजपर्यंत? उडव." तू म्हणालास, "अमानत हाय गजू. मागायला येवो न्हाईतर न येवो." मी म्हणालो, "तुझ्या अमानतीपायी माझं मशीन मुकं ठेवू का?" तू म्हणालास, "धुरा मोडायचा न्हाई म्हंजे न्हाई." मी बोललो, तू बोललास, चहावाला हसायला लागला. मग तू म्हणालास उद्या बघू.

माणक्या, त्या भांडणात मी बरोबर होतो की तू, हे ठरवायला तरी थांबायचं होतं रे.

तुला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "बाजाराच्या दिवशी दुकान खाली करू. टेम्पो सांगितलाय." मी म्हणालो, "काहून?" तर म्हणतो, "एकटा तिथं बसून काय करणार हायेस तू? घरी बस निवांत. दोन घास सुखानं भेटतील. तुला काय कमी हाय?" दादा वाईट माणूस नाही. वाईट असता तर भांडता आलं असतं. पण त्याच्या त्या "काय कमी हाय"मध्ये मला ओट्याचा गार दगड लागला. मी ओरडलोच, "मशीन चालू करून दाखवतो, मग बोल!" तो म्हणाला, "बाजाराच्या आधी दाखव. न्हाई झालं तर माझं ऐकायचं." मी म्हणालो, "ऐकतो."

बोलून तर बसलो. दुकानात जाऊन बसलो आणि घाम फुटला. विंडो बसेपर्यंत ह्या जुन्या डब्ब्याचा आवाज निघत नाही, तुला ठाऊकच आहे. मुकं मशीन आणि आंधळा माणूस. किल्ल्या मोजून मोजून दाबल्या, पंखा वाढला की काहीतरी झालं म्हणायचं, कमी झाला की काहीतरी बिघडलं म्हणायचं. कुठल्या पानावर आहे, काय विचारतंय, कशाला हो म्हणून बसलोय, काही पत्ता नाही. पुन्हा बंद, पुन्हा चालू. दोन्ही हातांनी मी तो पडदा चाचपला, माणक्या. गुळगुळीत काच. काचेवर काय लागणार? तरी चाचपत राहिलो, वेड्यासारखा.

चहावाल्याला हाक मारली. त्यानं "धिस, डिस्क" एवढं वाचलं तेवढ्यात त्याचं दूध उतू गेलं, तो पळाला. हिंगोलीच्या त्या पेनड्राइव्ह भरून देणाऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणे, "भाऊ, छत दिसतंय, खाली घ्या. आता तुमचं पोट दिसतंय, वर घ्या." शेवटी कसंबसं त्याला दिसलं तर म्हणतो, "सगळे पार्टिशन डिलीट मारा, झटक्यात होतंय." माझंच बोलणं मला परत ऐकवत होता. आणि खरं सांगू, मी मारलं असतं. देवाशपथ मारलं असतं. तुझी अमानत गेली खड्ड्यात, मला ओट्यावर जायचं नव्हतं. पण डिलीटवर नेऊन बोट ठेवायलाही डोळे लागतात. तो "खाली, अजून खाली, न्हाई वर" करत राहिला, आणि फोनची रेंज गेली.

मी टेबलावर डोकं ठेवलं आणि तुला शिव्या दिल्या. मोठ्यानं. बाहेर लोक उभे राहिले असतील, राहू देत.

मग आठवलं. कधीतरी तुझ्या घरी जेवायला आलो होतो, वहिनी ताटात भाकरी टाकता टाकता म्हणाल्या होत्या, "आज कोणाचं वावर नांगरलं भावजी?" तू हसला होतास, "हिला रोजचं सगळं सांगावं लागतं, न्हाईतर जेवण गोड लागत न्हाई." तुझी भाषा कळणारं आणखी एक माणूस होतं, आणि त्याला डोळे होते. पण ते माणूस सुतकात बसलेलं. तेराव्यापर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नव्हतं.

म्हणून मशीनच उंबऱ्याआत नेलं. हस, हस तू. डब्बा, पडदा, कीबोर्ड, सगळं ऑटोत घातलं आणि तुझ्या दारात उतरवलं. ऑटोवालासुद्धा म्हणाला, "भाऊ, पत्ता बराबर हाय ना? तिथं तर मयत झालीय." तुझी आई दारातच कडाडली, "गजू! माझ्या लेकराचा दहावाबी झाला न्हाई अन् तू हे लोखंड घेऊन आलास? लाज न्हाई वाटत?" वाटत होती, माणक्या. "काकू, माझा इलाज न्हाई," एवढंच म्हणालो. तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला, बसलेला, घोगरा. "येऊ द्या त्यांना, आत्याबाई."

तुला ज्या खोलीत ठेवलं होतं तिथंच भिंतीला विजेचा बोर्ड. खाली तुझा दिवा, तेलाचा वास, ओल्या सारवणाचा वास. मी दिव्यापासून सरकून बसलो, वायर लागून तो विझू नये म्हणून. वहिनींना सांगितलं, "दुपारी लाईन जाते. तोवर जे होईल ते. पडद्यावर येईल ते वाचायचं."

"मला इंग्लिश येत न्हाई भावजी. अक्षरं येतात, शब्द न्हाई येत."

"अक्षरंच वाचा."

वाचली त्यांनी. एकेक अक्षर, न चुकता, न थांबता. मी मनात जोडत गेलो. तू जे "फुडं लई लिहिलंय" म्हणून सोडलं होतंस ते सगळं मला पहिल्यांदा कळलं. मशीन म्हणत होतं, तुझ्या वावराची मोजणी जुन्या पद्धतीची आहे, मी सुरू झालोय नव्या पद्धतीनं, माझं नि ह्याचं जमत नाही. म्हणजे मोजणी नवी करा, धुरे मोडा. मला दुसरं काही सुचेना.

मी वहिनींना समजावलं, काय आहे, काय मोडावं लागेल, त्यात काय काय आहे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मग मोडा ना. माणूसच गेलं भावजी, धुऱ्याचं काय घेऊन बसले?"

मला हेच ऐकायला पाहिजे होतं ना? ह्याच्यासाठीच तर तुझ्याशी भांडलो होतो. आणि माझ्या तोंडातून काय निघावं? "न्हाई वहिनी. अमानत हाय लोकांची." माझा आवाज, माणक्या, पण बोलणं तुझं. "कोणाचं काय हाय त्यात आपल्याला काय ठाऊक? मागायला येवो न्हाईतर न येवो." बोललो आणि माझंच मला भ्या वाटलं. कारण आता दुसरा रस्ता नव्हता. धुरा मोडायचा नाही म्हणजे मशीन मुकं, मशीन मुकं म्हणजे टेम्पो, टेम्पो म्हणजे ओटा.

"तुमीबी ह्यांच्यावानीच बोलून राहिले," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी नाक ओढलं.

मग मी नुसतं काहीतरी करायचं म्हणून म्हणालो, "बंद करा. पहिल्यापासून चालू करा. सगळं वाचा, बिनकामाचं वाटलं तरी वाचा." कुठली किल्ली दाबून धरायची ते दाखवलं. यादी आली, मशीननं कुठून सुरू व्हायचं ती. वहिनी वाचायला लागल्या. डिस्कचं नाव. मग यू, ई, एफ, आय, मग पेनड्राइव्हचं नाव. मी म्हणालो, "बस, तेच. त्याच्यावर एंटर."

"थांबा ना. अजून हाय." आणि त्यांनी पुन्हा पेनड्राइव्हचं नाव वाचलं. "भावजी, हेच नाव दोनदा काहून लिहिलंय? वरच्याच्या आधी ते यू ई एफ आय हाय, खालचं मोकळंच हाय."

आयला, माणक्या! आपल्या जुन्या पेनड्राइव्हचं नाव एकदाच यायचं. तू म्हणायचास "दिसला," मी म्हणायचो "मार." हा नवा दोन्ही पद्धतीनं सुरू होणारा निघाला. वरच्या नावानं सुरू केला की नवी मोजणी मागतो, खालच्या नावानं केला की जुन्या मोजणीवर निमूट चालतो. तू त्या दिवशी वरचंच नाव पाहिलंस. ह्या बाईला काय कामाचं नि काय बिनकामाचं हे ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं सगळंच वाचलं.

"खालचं! खालचं दाबा!" मी असा ओरडलो की तुझी आई आत धावत आली.

पुन्हा तेच पान. वहिनींनी तुकडे वाचले. पहिल्या तुकड्याची नांगरट केली, फक्त पहिल्याची. दुसऱ्याला हात लावला नाही. "आता नेक्स्ट. बोंब आली का?"

"न्हाई."

"त्रिकोण?"

"न्हाई भावजी. टक्के आले. वाढून राहिले."

मग आम्ही तिघं नुसते बसलो. लाईन जाईल ह्या भीतीनं कोणी हलेना. तुझी आई, जी मला हाकलत होती, ती देवाला म्हणत होती, "नागनाथा, लाईन धरून ठेव रं बाबा." डब्बा एकदा बंद होऊन पुन्हा चालू झाला तेव्हा मी पेनड्राइव्ह काढून मुठीत धरला. हाताला डिस्कची कुरकुर लागत होती. ओळखीची. तुझ्याशी बोलायचं ठरवून काय काय साचवलं होतं, तिथं बसल्या बसल्या सगळं आठवत गेलं. तू टपरीवरून हाताला धरून मला लोकांपुढं आणायचास आणि म्हणायचास, हा माझा पार्टनर. मदतीला ठेवलाय असं एकदाही म्हणाला नाहीस. मी त्याचं कधी काही म्हणालो नाही. माझं चुकलं असं नाही, आपल्यात तसं बोलायची रीतच नव्हती. पण म्हणायला पाहिजे होतं, असं आता वाटतंय, आणि ह्या वाटण्याचं काय करायचं ते मला कळत नाहीये.

वहिनी म्हणाल्या, "काहीतरी विचारून राहिलंय." मी तीन किल्ल्या एकदम दाबल्या, मशीनला बोलतं करायच्या.

आणि मशीन बोललं.

"अगं माय! कोण बाई बोलली?" तुझी आई मागं सरकली. मला हसू फुटलं, खोटं कशाला सांगू, तुझ्या दिव्यापाशी बसून मी हसलो. वहिनीही हसल्या असाव्यात, श्वास तसा आला. मशीन विचारत गेलं, मी सांगत गेलो, त्या दाबत गेल्या. शेवटी त्यानं विचारलं, ह्या कॉम्प्युटरवर काम कोण करणार, नाव लिहा.

"माणिकचंच टाका," मी म्हणालो. "पहिल्यापासून नाव त्याचंच हाय. एम दाबा."

वहिनींनी हात कीबोर्डवर ठेवला.

"के," मशीन म्हणालं.

"एम, वहिनी. बोट चुकलं."

"यू," मशीन म्हणालं. "एस. यू. एम."

"हे कोणाचं नाव?"

"माझं," त्या म्हणाल्या. "माहेरचं. लग्नात बदललं ना ह्यांनी." मग म्हणाल्या, "तेरावा झाला की मी दुकानावर येते भावजी. अक्षरं तर बराबर वाचली ना मी?"

माणक्या, मी इतकी वर्षं तुझ्या घरचं जेवलो आणि मला हे नाव माहीत नव्हतं. दादाला आज सांगेन टेम्पो परत पाठव म्हणून. ते नंतर. त्या वेळी माझ्या तोंडून "वहिनी" निघेना. "बराबर वाचली, कुसुमताई," मी म्हणालो, "एंटर दाबा." त्यांनी दाबलं. मशीननं ते नाव पुरं उच्चारून दाखवलं, आणि तेव्हा, तुला पोचवताना नाही, तुझी राख सावडताना नाही, तेव्हा मला कळलं की तू खरंच गेलास. मग मी तुझ्याच घरात, तुझ्या आईच्या देखत, पोटभर रडलो.